सभासदत्वाचा हिशेब

घाऊक भावाने माल हवा असेल, तर आधी वर्षाचे शुल्क भरावे, ही पद्धत अमेरिकेत १९७६ साली सॅन दिएगो येथे सुरू झालेल्या प्राइस क्लबने रूढ केली. त्याच परंपरेतील कॉस्टको भांडाराचे तेथील साधे शुल्क सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ६५ डॉलर आहे. १३० डॉलर भरणाऱ्यास खरेदीवर दोन टक्के रक्कम परत मिळते. म्हणजे वरचे ६५ डॉलर भरून निघण्यास वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी व्हावी लागते.

हाच हिशेब भिलाईतील एखाद्या घरासाठी मांडून पाहू. समजा, शुल्क ६०० रुपये आणि माल बाजारापेक्षा पाच टक्के स्वस्त आहे. तर पहिल्या १२,००० रुपयांच्या खरेदीत आपण केवळ शुल्क वसूल करतो, बचत त्यानंतरची. तीही जे एरवी घेतलेच असते, त्याच वस्तूंवर. खरी अडचण येथेच आहे. शुल्क भरले की ते वसूल करण्याची ईर्षा मनात शिरते आणि दोन किलो रव्याच्या जागी दहा किलो घरी येतो. पावसाळ्यात त्याला जाळी धरते. भांडार रायपूरला असेल, तर जाण्यायेण्याचा खर्च निराळाच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

एकदम भरपूर घेणे वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. वर्षाची बेगमी आपल्याकडे जुनीच आहे. छत्तीसगडचा तांदूळ सुगीनंतर भरून ठेवावा. तो रोज लागतो आणि जुना झाला की अधिक मोकळा शिजतो. पण दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये कोठीची जागाही मोलाचीच असते.

भांडारावाचून घाऊक भावाचा लाभ घेण्याचा एक मार्ग मराठी माणसांनी चालवून दाखविला आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात आणि आलेला माल आपसांत वाटून घेतात. दुकान नाही, त्यामुळे दुकानाचा खर्चही नाही. तेथे सभासद हा केवळ गिऱ्हाईक नसतो, कामाचा वाटेकरीही असतो.

मला वाटते, भिलाईइतकी या पद्धतीला सोयीची वसाहत क्वचितच असेल. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि सेक्टरासेक्टरांतून एकसारख्या क्वार्टरांच्या ओळी उभ्या राहिल्या. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो. कित्येक घरांत पगारही एकाच दिवशी होतो. दहा घरांनी तांदूळ, डाळ आणि तेल एवढेच एकत्र आणले, तरी घाऊक व्यापारी भाव कमी करण्यास तयार होईल. अर्थात, पोते फोडणे, तोलणे आणि पैशांचा हिशेब ठेवणे, यांसाठी कोणाची तरी रविवारची सकाळ जाणारच. आणि सुपेल्याचा बाजारही नेमका रविवारीच भरतो.