सेसचा पैसा कुणाचा?

शेतकरी भावांनो, जिल्हा परिषदेचा गुलाल सगळ्यांना आठवतो. गुलाल धुतल्यावर तिथे चालते काय? १९६१ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या रुपयामागे २० पैसे उपकर बसवला. सेस फंडात तो आपलाच पैसा. त्यातून फवारणीचे पंप, ताडपत्र्या वाटायच्या, आणि वर उपकाराचा आव!

१०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव-बंधारेही परिषदेकडेच. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याच्या विहिरीला पाझर मिळतो तो याच तलावांचा. २०२२ साली बहुतेक परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले. सभागृहात जाब विचारणारा सदस्यही उरला नाही.

आम्ही म्हणतो, जाब गावाने विचारावा. सेस फंडाचा हिशेब मागा. लाभार्थ्यांची यादी चावडीवर लावून घ्या. मार्चच्या अंदाजपत्रकाआधी ग्रामसभेत तलाव दुरुस्तीचा ठराव करून परिषदेत द्या, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका.