पुसण्याचा अधिकार

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जे खाली येते ते रद्दीवाल्याकडे जाते, असा आमच्या घरचा रिवाज. गेल्या वर्षी मात्र आमच्या कन्येने माळ्यावरचा जुना संगणक वाटेतच अडवला. पदवी होऊन सहा महिने झाले होते. संगणकांची व्यवस्था पाहण्याची नोकरी तिला हवी होती. पण जावे तिथे अनुभव मागत. "तो घरीच मिळवते, बाबा," ती म्हणाली.

जुन्या संगणकावर तिने लिनक्स घातले. माझा विंडोजचा लॅपटॉप आणि मामाने दिलेला मॅक त्याला तारांनी जोडला. "या तारांवर निदान कपडे तरी वाळत घालू का?" सौभाग्यवतींनी विचारले.

तीन यंत्रांची तीन कुळे, कुळाचारही निराळे! फाइलीच्या नावातले इंग्रजी अक्षर मोठे की लहान, याचे विंडोजला सोयरसुतक नाही. लिनक्स मात्र ती दोन नावे वेगळी मानते. 'दिन' आणि 'दीन' एकच समजणाऱ्या उत्तरपत्रिका वीस वर्षे तपासलेल्या मला लिनक्सविषयी एकदम आपुलकी वाटली. या मंडळींत देवघेव घडवते ते 'सांबा'. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते रचले. एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारा शब्द त्यांनी चक्क शब्दसूचीत धुंडाळला!

एम. ए.ला असताना मी आईच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या होत्या. कॅसेटींना बुरशी लागली, आईही गेली. उरल्या त्या संगणकावर उतरवलेल्या फाइली. कन्येने त्या लिनक्सवर ठेवल्या आणि मला फक्त ऐकायची मुभा दिली. मी चिडलो. आई माझी, घर माझे, आणि मलाच बंदी? शेवटी तिने नाइलाजाने सर्व अधिकार दिले.

एका रात्री दुबार फाइली काढण्याच्या नादात मी अख्खा ओव्यांचा कप्पाच पुसला. कचऱ्याच्या टोपलीत पाहिले, ती रिकामी. दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनीच कन्येला बोलावले.

"दुसऱ्या यंत्रावरची सामायिक फाइल पुसली की ती सहसा टोपलीत येत नाही, बाबा. आणि एकच नक्कल ठेवली असती तर तीही तुमच्यासारखीच रिकामी झाली असती. मी सात रात्रींच्या सात ठेवते. आठवडाभर गप्प बसला असतात, तर मात्र आजी गेली होती."

"त्या नकला चालतात कशावरून?"

"महिन्यातून एकदा परत आणून पाहते. त्याशिवाय तिला नक्कल म्हणत नाहीत."

ही नक्कल करणारे 'आरसिंक'ही १९९६ साली ट्रिजेल यांनीच, पॉल मॅकेरास यांच्यासह, जगापुढे आणले. अर्ध्या तासात घरात आईचा आवाज घुमला. सौभाग्यवती पोळपाट सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी माझे अधिकार त्याच संध्याकाळी परत केले.

पुढे एका मुलाखतीत कन्येला विचारले, "तुमच्या हाताखाली कधी काही बिघडले आहे?" तिने ही हकीकत सांगितली आणि नोकरी मिळाली. फाइली पुसणारा कोण, हे मात्र तिने सांगितले नाही. म्हणून आज मीच सांगून टाकतो.