का पडतं, बॉस?

सेन्सेक्स का पडला, यावर कुठल्याही ऑफिसात चहा संपायच्या आत चार थिअऱ्या तयार असतात. हातातून सुटलेला दगड का पडतो, या साध्या प्रश्नावर मात्र जगातली भारी डोकी दोन हजार वर्षं भांडत होती. मला ही भांडणं जाम आवडतात.

ॲरिस्टॉटल म्हणाला, दगड मातीचा, म्हणून त्याला विश्वाच्या मध्याशी, आपल्या मूळ जागी परतायची ओढ. जड वस्तूला ओढ जास्त, म्हणून ती जास्त वेगाने पडणार. पटलं ना एकदम? तिथेच तर घोळ झाला! सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने लिहून ठेवलं, की एक वजन दुसऱ्याच्या कितीतरी पट असलं, तरी दोन्ही जवळपास बरोबरच पडतात. पण पटलेलं उत्तर सोडतंय कोण?

मग आला गॅलिलिओ. माझा फेव्हरिट. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट सोडा, त्याचा खरा मास्टरस्ट्रोक आहे १६३८च्या पुस्तकात. जड दगडाला हलका दगड बांधा. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने हलका दगड जड दगडाला मागे खेचणार, म्हणजे जोडी सावकाश पडणार. पण जोडीचं वजन तर वाढलंय, म्हणजे ती आणखी वेगाने पडायला हवी! दोन्ही एकदम कसं होईल? खेळ खल्लास. आणि 'का पडतं' हा प्रश्न त्याने चक्क बाजूला ठेवला. उतरत्या फळीवरून गोळे सोडले, पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजला आणि 'कसं पडतं' ते सांगितलं : दुप्पट वेळ, चौपट अंतर.

न्यूटनने १६८७मध्ये दगड आणि चंद्र एकाच नियमात बसवले. पण हे गुरुत्वाकर्षण येतं कुठून? १७१३च्या आवृत्तीत त्याने सरळ लिहिलं, की कारण सापडलेलं नाही आणि मी उगाच तर्क लढवत नाही. पुढे १९१५मध्ये आइन्स्टाइनने ओढच काढून टाकली. वस्तुमानाने अवकाश आणि काळच वाकतात, दगड फक्त त्या वाटेने जातो.

तेव्हा पुढच्या रिव्ह्यूमध्ये 'टार्गेट का हुकलं?' असं कुणी विचारलं, तर पटेलसं कारण फेकण्याऐवजी 'का ते अजून कळलं नाही, पण कुठे आणि किती, ते मोजलंय,' असं म्हणून बघा. साहेब खूश होतील, याची गॅरंटी नाही. न्यूटनचं काय, तो तेव्हा स्वतःच रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता!