हाडांपर्यंत पसरलेला कर्करोग : शस्त्रक्रिया कशासाठी?

नवी मुंबई मेट्रोचे बेलपाडा स्थानक असो की उत्सव चौक, फायलींची पिशवी सांभाळत निघालेले नातेवाईक खारघरला नवे नाहीत. टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ इथे असल्याने दूरदूरचे कर्करुग्ण येथे येतात. काहींच्या अहवालात ‘आजार हाडांत पसरला आहे’ असे लिहिलेले असते. मग घरचे विचारतात : ऑपरेशन केले तर आयुष्य वाढेल का?

प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्यात दोन वेगळ्या शस्त्रक्रियांची गल्लत होते. पहिली, मूळ गाठ काढण्याची. स्तनाचा कर्करोग निदानाच्या वेळीच इतर अवयवांत पोहोचला असेल, तर गाठ काढून आयुष्य वाढते का, हे टाटा रुग्णालयानेच 350 स्त्रियांवर तपासले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर स्पष्ट होते : एकूण आयुष्यात फरक पडला नाही.

दुसरी शस्त्रक्रिया खुद्द हाडाची. कर्करोगाने पोखरलेले मांडीचे हाड साध्या हालचालीनेही मोडू शकते. त्यात सळई बसवली की रुग्ण पुन्हा पायावर उभा राहू शकतो. मणक्यातील गाठ मज्जारज्जूवर दाब देऊ लागली, तर पाय लुळे पडतात. अशा 101 रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही मिळालेल्यांपैकी 84 टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले. फक्त रेडिएशन मिळालेल्यांपैकी 57 टक्के. आयुष्यातला फरक मात्र सरासरी महिन्याहूनही कमी होता. मूत्रपिंड किंवा थायरॉइडच्या कर्करोगाचा एकाच हाडातला डाग पूर्ण काढल्यावर काही निवडक रुग्ण दीर्घकाळ जगतात, पण तो अपवाद.

म्हणून ‘आयुष्य वाढणार नसेल तर कापाकापी कशाला?’ हा निष्कर्ष घाईचा आहे. उरलेले महिने अंथरुणाला खिळून काढायचे की स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जायचे, हा फरक रुग्णाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या घरालाही मोठा असतो. उलट बाजूही तितकीच खरी. हाती थोडेच आठवडे असतील, तर ते शस्त्रक्रियेतून सावरण्यातच संपतात. तिथे रेडिएशनची एखादी मात्राही वेदना बऱ्याच कमी करते.

खरा घोळ वेळेचा होतो. हाड मोडल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते आधीच सावरणे सोपे. धोका मोजायला 1989 पासून ‘मिरेल्स’ गुणपद्धती आहे. हाडाची जागा, वेदना, डागाचा प्रकार आणि आकार यांना मिळून 12 पैकी गुण दिले जातात. 9 किंवा अधिक झाले की हाड मोडण्याआधीच आधार देण्याचा सल्ला दिला जातो. पण त्यासाठी रुग्ण वेळेत अस्थिशल्यचिकित्सकापर्यंत पोहोचायला हवा. आपल्याकडे पाय दुखतो म्हणून आधी मालिश होते, कंबर धरली म्हणून पट्टा बांधला जातो. पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाच्या बाबतीत हे महागात पडते. पायावर भार देताच कळ येत असेल किंवा रात्री पाठ दुखून झोपमोड होत असेल, तर एक्स-रे टाळू नये. पाय बधिर होणे, त्यांतली ताकद जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांना ‘किती वर्षे?’ हे जरूर विचारावे. सोबत आणखी तीन प्रश्न विचारावेत : चालता येईल का, वेदना किती कमी होतील आणि सावरायला किती दिवस लागतील? ऑपरेशनचा निर्णय बहुतेक वेळा याच उत्तरांवर घ्यायला हवा.