‘फिटिंग फ्री’ची पाटी खाली उतरवा



आज जे सांगणार आहे ते बऱ्याच दुकानदार भावांना पटणार नाही. तरी सांगतो. तुमच्या ॲक्सेसरीजच्या दुकानाबाहेर ‘फिटिंग फ्री’ असं लिहिलं असेल, तर ती पाटी काढा. वस्तू कुणीही विकतं, ऑनलाइन तर आपल्यापेक्षा स्वस्त मिळते. आपल्याकडे विकायला खरं काय आहे? फिटिंगच. आणि तेच आपण फुकट वाटतो!

उदाहरण मुद्दाम छोटं घेतो. चाकाची कॅप, म्हणजे हबकॅप. लोकांना वाटतं, चार थापा मारल्या की बसली. आता समजा, गाडी जुन्या क्लासिक मॉडेलची रेप्लिका आहे. जगात सगळ्यात जास्त नक्कल झालेल्या गाड्यांपैकी एक म्हणजे पोर्शे 356 स्पीडस्टर. अस्सल गाडी 1954 साली आली. रेप्लिकाची बॉडी फायबरची, आणि खाली बहुतेक वेळा फोक्सवॅगन बीटलची चॅसी. जुन्या बीटलच्या चाकाला 5 बोल्ट, 205 मिलिमीटरच्या वर्तुळावर. अस्सल स्पीडस्टरचंही माप तेच. पण 1960 च्या दशकाच्या शेवटी बीटलला 4 बोल्टची, 130 मिलिमीटरची चाकं आली. म्हणजे वरून दोन रेप्लिका अगदी सारख्या दिसतील, पण एकीची कॅप दुसरीला बसेलच असं नाही.

आपल्याकडे लग्नाच्या वरातीत ‘व्हिंटेज लूक’च्या गाड्या फिरतात ना, त्यांचंही हेच. वरचं रूप एका जमान्याचं, खालची चाकं दुसऱ्याच गाडीची. म्हणून गिऱ्हाइकाला गाडीचं नाव विचारून माल मागवू नका. चाक बघा.

बघायचं काय?

कॅप कशावर धरते ते आधी. काही चाकांवर स्प्रिंगच्या क्लिपा रिव्हेट केलेल्या असतात, काहींवर नुसते उंचवटे असतात, तर प्लास्टिकच्या कव्हरला मागून तारेची रिंग असते. मग माप घ्या, पण कॅपच्या बाहेरच्या कडेचं नाही, जिथे ती पकडते तिथलं. चाकाला पावडर कोटिंगचा जाड थर असेल तर तेवढ्यानेही पकड बदलते. मधलं ग्रीसचं टोपण किती बाहेर आलंय तेही बघा, नाहीतर कॅप आतून टेकते.

कॅपखाली नट झाकले जाणार असतील, तर ते आधी आवळून घ्या. नंतर ढिला नट कुणाला दिसणार नाही. मग कॅपची एक कड क्लिपांवर टेकवून समोरच्या बाजूला तळहाताने किंवा रबरी हातोड्याने ठोका. मध्यभागी मारलं की पोचा आलाच. शेवटी गाडी थोडी फिरवून आणा आणि पुन्हा तपासा. हायवेवर सुटलेली धातूची कॅप मागून येणाऱ्या बाइकवाल्याच्या अंगावर जाऊ शकते. हे काम ‘फ्री’ आहे म्हणून उरकायचं नसतं.

आता हिशोब. समजा, चार कॅप 1,600 ला आणल्या, 2,000 ला विकल्या. हातात 400. एक कॅप सुटून हरवली आणि तुम्ही बदलून दिली, की तेवढेच 400 गेले. पोराचा दीड तासाचा पगार तुमच्या खिशातून. मग हाच सेट 2,000 अधिक फिटिंग 300 असा का लावू नये?

तुम्ही म्हणाल, शेजारचा फुकट करतो, गिऱ्हाईक तिकडे जाईल. काही जाणारच. मी खोटं बोलणार नाही. पण ज्याची गाडी लग्नसराईत रोज भाड्याने जाते, त्याला फोटोच्या वेळी तीन कॅपवर उभी असलेली गाडी परवडत नाही. तो पैसे देतो, फक्त त्याला 300 कशाचे ते कळलं पाहिजे.

अजून एक. रेप्लिका माल असेल तर बिलावर ‘रेप्लिका’ असंच लिहा. ‘ओरिजिनल’ म्हणून पैसे घेणं ही सरळ फसवणूक. आणि परवानगीशिवाय कंपनीचा लोगो छापलेल्या कॅप विकायच्या भानगडीत पडू नका. ट्रेड मार्क्स कायदा, 1999 मध्ये खोट्या ट्रेडमार्कचा माल विकण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. बिनलोगोची साधी क्रोम कॅप विका, तीही छान दिसते.

या आठवड्याचा गृहपाठ: तुम्ही फुकट करता ते एक काम निवडा. त्यात काय काय तपासता ते पाच ओळींत लिहा, काउंटरवर लावा आणि खाली दर टाका. पहिल्या दहा गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी तो दिला, ते वहीत मांडा. मग ठरवा, माझं बरोबर की शेजारच्याचं.