‘विंटेज’ तर आमच्या अडगळीतच होतं!

दिवाळी झाली की आपल्याकडे मंडयांचा सीझन सुरू होतो. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. रात्री नाटक किंवा दंडार, आणि दिवसभर घरात पाहुणेच पाहुणे. लाखनी तालुक्यातल्या आमच्या घरी मागच्या वर्षी नवा हॉल झाला, नवा सोफा आला. मग मी ठरवलं की सोफ्याच्या बाजूला काचेचं एक मस्त साइड टेबलही पाहिजे. मोबाइलवर तीन रात्री जागलो आणि शेवटी ‘विंटेज ब्रास’ असं लिहिलेलं एक गोल टेबल ऑर्डर केलं. पैसे माझ्या पार्ट टाइम कामाचे होते. त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

टेबल आलं. फोटोत होतं तसंच सोनेरी, चकचकीत. बाबांनी फ्रिजवरचं चुंबक काढून पायाला लावलं. खटकन चिकटलं! पितळेला चुंबक चिकटत नाही, लोखंडाला चिकटतं, हे आपण शाळेतच शिकतो. म्हणजे ‘ब्रास’ हा नुसता रंग होता. आणि हे कुठं घडलं? ज्या भंडाऱ्याला लोक पितळेच्या भांड्यांसाठी ओळखतात, त्या जिल्ह्यात. हसावं की रडावं, सांगा.

मंडईच्या दिवशी आईने घाईघाईत चहाचा गरम गंज त्या काचेवर ठेवला. टक्क असा आवाज झाला आणि काच आरपार तडकली. ताईचा दोन वर्षांचा पोरगा टेबलाजवळच खेळत होता. त्याला काही झालं नाही, पण माझ्या हातापायातलं बळच गेलं. दुसऱ्या दिवशी ते टेबल घेऊन काचवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, “पाय काचेलाच चिकटवले आहेत. याची काच बदलता येत नाही.” टेबल भंगारात गेलं, माझे पैसेही गेले.

तेव्हा आबाजींनी अडगळीकडे बोट दाखवलं. तिथं त्यांचा सागवानी टीपॉय धूळ खात पडला होता. वरची काच फुटली म्हणून आम्हीच तो तिथं टाकला होता. “काहून रे बाबू, त्याचे पाय मोडले का? काच फुटली नं फक्त!” एवढंच बोलले. मला उत्तर देता आलं नाही.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं. टेबल जुनं की नवं हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्या गावातला सुतार, वेल्डर आणि काचवाला ते दुरुस्त करू शकतो का, हा खरा प्रश्न आहे. उत्तर ‘हो’ असेल तर घ्या. ‘नाही’ असेल तर ते कितीही सुंदर दिसो, सोडून द्या.

आधी जुन्याबद्दल. ‘टीपॉय’ या शब्दाचा चहाशी मुळात काहीच संबंध नाही, हे मला याच भानगडीत कळलं. तीन पायांची ती तिपाई. आपल्या मराठीत तिवई. इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडून नेला, त्यात ‘टी’ ऐकू आला म्हणून चहाशी जोडला, आणि आपण तो त्यांच्याकडून परत घेतला. आता आपण चार पायांच्या टेबलालाही टीपॉय म्हणतो. म्हणजे शब्दसुद्धा विंटेजच!

आणि लाकडावर काच का ठेवायचे? नुसती शान म्हणून नाही. जुन्या फर्निचरला लाखेचं पॉलिश असायचं. त्यावर गरम कप किंवा ओला ग्लास ठेवला की पांढरं गोल वळं उमटतं. काच म्हणजे त्या पॉलिशची छत्री. मग त्या काचेखाली घराचा सगळा इतिहास गोळा व्हायचा. शाळेतल्या शिक्षकांचा ग्रुप फोटो, विम्याचं छोटं कॅलेंडर, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका. आबाजींच्या टीपॉयवर माझा बालवाडीतला फोटो होता. तो काढायला गेलो तर फाटला. पावसाळ्यात फोटो ओलसर होतो आणि काचेला चिकटून बसतो. तुमच्या घरी असं टेबल असेल तर फोटोच्या चारही बाजूंना जाड कागदाची पट्टी ठेवा, म्हणजे काच फोटोला टेकणार नाही. आणि हे आजच करा.

जुनं ते सगळं सोनं असंही नाही. टीपॉय उलटा करा, खालून बघा. बारीक भुसा पडत असेल तर कीड लागलेली आहे. कोपरे धरून हलवा. सांधे कुरकुरले तर चालेल, सुतार ते आवळून देतो. पण पायच पोकळ झाले असतील तर मोहात पडू नका. दुकानदार ‘अँटिक’ म्हणून भाव वाढवत असेल तर एवढं लक्षात ठेवा, की आपल्या १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरायला साधारण शंभर वर्षं लागतात. घासून काळपट केलेलं मागच्या वर्षीचं लाकूड त्यात बसत नाही.

पण चांगलं सागवान काय असतं, हे भंडाऱ्याला कोणी सांगायची गरज नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेचा पूर शहरात शिरला, तो आठवतो ना? भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं फर्निचर पाणी पिऊन फुगतं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते पुन्हा सरळ होत नाही. सागवान धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा उभं राहू शकतं. नदीकाठच्या माणसासाठी ही फॅशनची गोष्ट नाही.

आपण टाकून दिलेलं दुसऱ्याला कसं दिसतं, हे चंदीगडला विचारा. तिथल्या सरकारी कार्यालयांसाठी पिएर जानरे यांच्या काळात सागवानी खुर्च्या-टेबलं बनली. पुढे ती मोडकी म्हणून भंगाराच्या भावात निघाली, आणि त्यातलीच कितीतरी परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना विकली गेली. आपला टीपॉय लिलावात जाणार नाही, मान्य. पण भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा बघायला काय जातं?

आता नव्या डिझाइनची बाजू. ती मला आवडते, खोटं कशाला बोलू? नागपूरला दहा बाय दहाच्या रूमवर राहणाऱ्याला जड टीपॉय नकोच. काच आरपार दिसते म्हणून खोली भरल्यासारखी वाटत नाही. इसामू नोगुची या शिल्पकाराचं १९४४ मधलं टेबल बघा. एकसारखे दोन लाकडी तुकडे एकमेकांत अडकवलेले, आणि वर जाड काच नुसती ठेवलेली. ऐंशी वर्षं झाली, तरी आजही नवंच वाटतं. काच फुटली तर बदला, टेबल तसंच. मला नवं हवं ते असं.

काच घेताना मात्र कंजुषी नको. खाली पूर्ण लाकडाचा आधार असेल तर पाच एमएमची काच पुरते. फक्त पायांवर किंवा फ्रेमवर काच टेकणार असेल तर आठ-दहा एमएमची टफन काच घ्या. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेने झटकन थंड करतात. त्यामुळे ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते, आणि फुटली तरी सुऱ्यासारखे तुकडे न होता बारीक, बोथट खडे होतात. एकदा टफन झाली की ती कापता येत नाही, म्हणून माप, गोलाई, भोक, कडांचं पॉलिश सगळं आधीच सांगा. कोपऱ्यावर शिक्का आहे का बघा. सुरक्षा काचेचं भारतीय मानक आयएस २५५३ आहे. वजनाचाही विचार करा. दोन फूट बाय दीड फूट, आठ एमएमची काच साडेपाच किलोच्या वर भरते. खाली रबराच्या टिकल्या हव्यातच. घरात लहान मूल असेल तर कोपरे गोल करून घ्या. टेबलाची उंची सोफ्याच्या हत्थ्याइतकी ठेवा, म्हणजे कप ठेवताना वाकावं लागत नाही.

आणि ‘ब्रास’च पाहिजे असेल तर ऑनलाइन कशाला? आजीची पितळी परात बहुतेक घरांत पडलेली असते. चिंच लावून घासा, मजबूत तिवईवर घट्ट बसवा, वर परातीच्या मापाची गोल काच ठेवा. विंटेजही झालं, मॉडर्नही झालं, आणि चुंबक चिकटणार नाही याची गॅरंटी!

आमच्या टीपॉयला सुताराने दोन सांधे आवळून दिले, काकांनी नागपूरहून टफन काच मागवून दिली. यंदाच्या मंडईला चहा त्यावरच ठेवला. काचेखाली आबाजींचा जुना ग्रुप फोटो आहे, आणि माझा फाटलेला फोटोही चिकटपट्टी लावून ठेवला आहे. पाहुण्यांमधल्या एका मित्राने विचारलं, “भारी आहे बे! कुठून मागवला?”

मी काही बोलायच्या आत आबाजीच म्हणाले, “आमच्या घरातूनच.”