वाऱ्याचा बाण नेमका कुठे दाखवतो?

बीड जिल्ह्यात कपाशी-सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की हवामानाचे आकडे आरोग्याचाही विषय होतात. 'महावेध' प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. तिथे पाऊस, तापमान, आर्द्रतेसोबत वाऱ्याचा वेग आणि दिशाही नोंदवली जाते. पावसाचा आकडा पीकविम्यामुळे गावोगाव चर्चेत असतो. दिशेकडे फारसे कुणी पाहत नाही, आणि पाहिले तरी ती उलटी वाचली जाण्याचा धोका असतो.

वारा जिकडून येतो ती त्याची दिशा, हा हवामानशास्त्राचा नियम. ९० अंश म्हणजे पूर्वेचा वारा, १८० दक्षिणेचा, २७० पश्चिमेचा, ३६० उत्तरेचा. मराठीला हे नवे नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात हे शाळेतच शिकवतात. गोंधळ घालतो तो पडद्यावरचा बाण. वातकुक्कुटाचे टोक वारा येतो त्या बाजूला वळते आणि काही पडदे तसाच बाण काढतात. मोबाइलवरच्या अनेक नकाशांत मात्र बाण वारा जातो तिकडे असतो. म्हणजे वारा एकच, पश्चिमेचा. बाण एकीकडे पश्चिमेला, दुसरीकडे पूर्वेला! शेजारी अंश किंवा दिशेचे नाव असेल तर तेच खरे मानावे.

ही चूक अंगावर येते, अगदी शब्दशः. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके श्वासातून जातातच, पण त्वचेतूनही शोषली जातात. हे अनेकांना पटत नाही. मग मळमळ, घाम, लाळ, धूसर दिसणे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक जीव गेले. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेच्या बांधापासून सुरुवात करावी आणि उत्तर-दक्षिण चालत पश्चिमेकडे सरकावे, म्हणजे फवारलेला भाग वाऱ्याच्या पुढे राहतो.

परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेलाही हेच लागू. पश्चिमेचा वारा ती पूर्वेकडच्या वस्त्यांवर नेतो. तिथल्या दमेकऱ्यांनी त्या दिवशी खिडक्या लावून घ्याव्यात.

प्रमाणित वातमापक मोकळ्या जागी, १० मीटर उंचीवर असतो. पिकाच्या उंचीवर झाडे, बांध वारा वळवतात. म्हणून पंप खांद्यावर घेण्यापूर्वी काठीला फडके बांधून पाहावे. फडक्याचे मोकळे टोक मात्र वारा जातो तिकडे उडते.